मुलाचं नाव 'त्र्यंबक' ठेवावं म्हणतोय, मतं हवी आहेत

गोदाकाठ

नमस्कार. आमच्या घरी मुलगा झालाय. बारसं तोंडावर आलंय आणि नावावर घरात अजून एकमत नाही, म्हणून इथे विचारतेय.

नवऱ्याच्या आजोबांचं नाव त्र्यंबक. त्यांच्या आईवडिलांनी त्र्यंबकेश्वरला नवस बोलला होता, त्यानंतर ते झाले, म्हणून हे नाव. माझ्या लग्नानंतर ते फार वर्षं नव्हते, पण तेवढ्यात माझं त्यांच्याशी छान जमलं. दुपारी सगळे आडवे झाले की ते ओट्यावर अडकित्ता घेऊन बसायचे आणि मला हाक मारायचे. मग कुठलं वावर कुणाकडून कधी घेतलं, कुठल्या विहिरीला किती हातांवर पाणी लागलं, बांधावरचं चिंचेचं झाड कुणी लावलं, सगळं सांगायचे. घरात नवीन आलेल्या सुनेला असं समोर बसवून घरची माहिती कोण देतं? त्यांनी दिली. मुलगा झाला तर त्यांचंच नाव ठेवायचं हे माझ्या मनात तेव्हापासून आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण माहेरी सगळ्यांना वाटतंय की सासरच्यांनी नाव माझ्या गळ्यात मारलं. तसं नाही. नवऱ्याला मी सुचवलं, आणि त्याला ते लगेच पटलं.

आता अडचणी. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि माझ्या नणंदबाईंना हे नाव अजिबात पसंत नाही. "शाळेत पोरं त्याला सळो की पळो करून सोडतील" असं त्या म्हणतात. त्यांनी रेयांश, विवान, अद्विक अशी यादी पाठवली आहे. माझ्या आईला नाव आवडलंय, पण तिच्या तोंडून ते 'तिरंबक' असंच येतं. पत्रिकेत स्वातीचा तिसरा चरण आहे, म्हणजे अक्षर 'रो'. गुरुजी म्हणाले, जन्मनाव वेगळं ठेवा आणि हाक मारायचं वेगळं, त्यात काही बिघडत नाही.

पण खरी अडचण सासूबाईंची आहे. त्यांनी सासऱ्यांचं नाव आयुष्यात कधी तोंडानं घेतलेलं नाही. रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तरी त्या दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावत. त्या मला म्हणाल्या, "मामंजींचं नाव घेऊन मी त्याला रागवू कशी? आणि हाक तरी कशी मारू?" हट्टानं नाही म्हणाल्या. बोलताना डोळ्यांत पाणी होतं. बाळाला दिवसभर त्याच सांभाळणार आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं बाजूला सारणं मला जमणार नाही.

वामन, दामोदर, रघुनाथ, यशवंत हीही नावं आम्ही काढून ठेवली आहेत. जुनं नाव आवडतं म्हणून ती चालतील. पण त्र्यंबकमागे आमचा माणूस आहे, तसा त्यांच्यामागे कुणी नाही.

ज्यांच्या घरी असं जुनं नाव आहे त्यांनी सांगा. इतकं अवघड जोडाक्षर पहिल्याच अक्षरात असावं का? चिडवण्याचं खरंच एवढं असतं का? आणि सासूबाईंचं काय करू?

खडूफळा

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. हजेरीची एवढी रजिस्टरं लिहिली की नावांवरून पिढी ओळखू येते. सुरुवातीला सुरेश, रमेश, संजय. मग सचिन, अमोल, राहुल. मग ओंकार, प्रथमेश, शुभम. शेवटी शेवटी आर्यन, आरव, विहान. आणि त्या आरवांच्याच वर्गात माधव, मल्हार, राघव पुन्हा दिसायला लागले. गंमत अशी की काका-मामांच्या वयाची नावं कुणालाच परत नको असतात. विलास, अशोक, सुधीर आज कुणी ठेवत नाही. पणजोबांची मात्र हवीशी वाटतात. तुमच्या मनात जे आलं ते पुष्कळ जणांच्या मनात येतंय, हे नणंदबाईंना सांगा.

जोडाक्षराबद्दल. त, र आणि य एकत्र, वर अनुस्वार. पहिलीतल्या मुलाला लिहायला हे जडच. पण मूल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा लिहितं ते स्वतःचं नाव. माझ्या वर्गातल्या ज्ञानेश्वरला 'ज्ञ' सगळ्यांच्या आधी यायचा आणि तो इतरांना फळ्यावर काढून दाखवायचा. त्यामुळे लिहिण्याची काळजी सोडा. बोलण्याची मात्र थोडी करा. दोन-अडीच वर्षांचं मूल 'त्र्यं' म्हणू शकणार नाही, मोठी माणसंही घाईत 'त्रं' नाहीतर 'तिरं' म्हणतात. आईला हसू नका, त्यांची जीभ बरोबर दिशेनं चालली आहे. मराठीत या नावाचं 'त्रिंबक' असं रूप पूर्वीपासून आहे. १७३१ साली डभईच्या लढाईत पडलेले सेनापती त्रिंबकराव दाभाडे, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे, दोन्ही नावं इतिहासाच्या पुस्तकांत अशीच येतात. तेही अस्सल रूप आहे, नाव बिघडवलेलं नव्हे.

आता चिडवणं. मुलं प्रत्येक नावाला 'या' लावतात. रोहनचा रोह्या, आर्यनचा आऱ्या, त्र्यंबकचा त्र्यंब्या. ज्याला 'या' लागत नाही तो वर्गात अजून मिसळला नाही असं मी समजायचे. त्रास होतो तो वेगळ्या गोष्टीनं. नावाच्या छोट्या रूपाला आधीच काही चिकटलेलं असतं, तेव्हा. पांडुरंग इतकं सुंदर नाव, पण पांडू म्हटलं की हवालदारावरून बोलणी सुरू. गंगाधरचं गंगू होतं. त्र्यंबकला असलं काही चिकटलेलं नाही.

एक गोष्ट मी प्रवेशाच्या वेळी वारंवार पाहिली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी नाव विचारायचे. आई सांगायची, "सदाशिव," आणि लगेच, "म्हणजे जरा जुनंच आहे, आजोबांचा हट्ट होता." मूल शेजारी उभं राहून ऐकतंय. त्याला त्या क्षणी कळतं की आपल्या नावाची सफाई द्यावी लागते. तेच मूल पुढे वर्गात नाव हळू आवाजात सांगतं, आणि हळू आवाजात सांगणाऱ्याला पोरं बरोबर हेरतात. तुम्ही त्र्यंबक ठेवणार असाल तर ते पुढचं वाक्य कधीही जोडू नका. डॉक्टरांकडे नाही, सोसायटीत नाही, लग्नकार्यात नाही. नाव सांगायचं आणि थांबायचं.

पत्रिकेचं म्हणाल तर तूळ राशीला र आणि त ही दोन्ही अक्षरं येतात. स्वातीचाच चौथा चरण 'ता' आहे. गुरुजींना विचारा, फार लांब गेलेलं नाही तुमचं नाव.

दामू

तुमच्या यादीतलं दामोदर हे माझं नाव. वय अजून तिशीच्या आत आहे.

फोनवर नाव सांगितलं की समोरचा अजूनही कधीकधी म्हणतो, "मुलगा बोलताय का? वडिलांना द्या." बँकेत आधार दाखवलं की कर्मचारी एकदा माझ्याकडे आणि एकदा कार्डाकडे बघतो. त्रास एवढाच. त्या बदल्यात मिळालं ते खूप. कॉलेजात पहिल्या आठवड्यातच सगळ्या प्राध्यापकांना माझं नाव पाठ झालं होतं. नोकरीत दक्षिणेकडची मंडळी आहेत, त्यांच्याकडे दामोदरन असतात, त्यामुळे त्यांना नाव लगेच घरचं वाटलं.

लहानपणी मात्र मला नाव आवडत नव्हतं, आणि त्याचं कारण वर्गातली मुलं नव्हती, घर होतं. कागदावर दामोदर ठेवलं आणि सगळे हाक मारायचे सोनू. आई सोनू, बाबा सोनू, शेजारी सोनू. दामोदर फक्त हजेरीत आणि निकालपत्रावर. त्यामुळे ते नाव ऐकलं की काहीतरी चुकलंय, कुणीतरी जाब विचारणार आहे, असंच वाटायचं. माझ्या नावानं मला मायेनं कुणी बोलावलंच नव्हतं. हॉस्टेलवर गेल्यावर मी सगळ्यांना दामू म्हणायला सांगितलं, आणि मित्रांच्या तोंडून ऐकून ऐकून ते माझं झालं.

म्हणून एवढंच सांगतो. जे नाव ठेवाल त्याच नावानं त्याला पहिल्या दिवसापासून हाक मारा. दूध पाजताना, अंघोळ घालताना, झोपवताना. छोटं करायचं तर त्यातूनच करा. त्र्यंबू करा, त्रिंबू करा, काहीही. पण पिंटू-सोनू नको.

आजोबा रोज संध्या करायचे. त्यात आचमनाच्या वेळी विष्णूची चोवीस नावं येतात. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी सुरुवात होते आणि बारावं दामोदर. मी शेजारी बसून मोजत असायचो. आपलं नाव येताना आजोबा माझ्याकडे बघायचे. आज बघतो तर त्या चोवीसातली केशव, माधव, श्रीधर, हृषीकेश, अनिरुद्ध ही नावं पुन्हा पाळण्यात आलीत. जनार्दन, पुरुषोत्तम, वासुदेव अजून यायची आहेत. अधोक्षज कधी कुणी ठेवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्यांना घरातलं नाव नको पण जुनं हवंय त्यांनी ती यादी सावकाश मोठ्यानं वाचावी. एखादं नाव जिभेवर थांबतं. थांबेल ते घ्यावं.

माळरान

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

जुनं नाव म्हटलं की लोक नेहमी त्या चोवीस नावांकडे जातात. आमच्या घरातली जुनी नावं म्हणजे खंडू, मल्हारी, बिरू, सखाराम, धोंडिबा. ती तेवढीच जुनी आहेत, तेवढीच आपली आहेत. पूर्वी नाव पुस्तकातून काढत नसत. कुलदैवत कोण, जन्म कुठल्या दिवशी, यात्रा कुठली चालू आहे, यावर नाव पडायचं. महात्मा फुल्यांचं नावच बघा. १८२७ साली जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाला म्हणून जोतीराव. जेजुरीच्या देवाची खंडेराव, मल्हार, मार्तंड ही सगळी नावं. त्यातला मल्हार आज शहरात हौसेनं ठेवतात, आणि खंडू म्हटलं की तेच लोक नाक मुरडतात. देव एकच आहे.

धोंडू, दगडू ही नावं तर मला फार जवळची वाटतात. मुलं जगत नसत, त्या काळी पुढच्या मुलाला मुद्दाम असं नाव द्यायचे, की हा नुसता दगड आहे, याच्याकडे कुणाची नजर नको. त्या नावात आईची भीती आहे. अधिक महिन्यात जन्मलेल्यालाही धोंडो म्हणायचे, कारण तो धोंड्याचा महिना. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो केशव. १८५८ ला जन्मले, १९६२ ला गेले. एकशे चार वर्षं जगले, स्त्रियांसाठी विद्यापीठ उभं केलं आणि भारतरत्न झाले. धोंडो नाव हलकं आहे असं कुणी म्हटलं की मी कर्व्यांचं नाव घेतो.

आता तुमच्या मुद्द्यावर. मला माझ्या काकांचं नाव दिलं आहे. मी जन्मायच्या थोडं आधी ते गेले, तरुण वयात. घरात सगळे मला बघायचे आणि त्यांना शोधायचे. "तो कसा शांत होता, हा बघ." "त्याचं अक्षर कसं होतं, याचं बघ." आजीला तर मी जेवताना कुठल्या हातानं पाणी पितो यातही तो दिसायचा. तिच्या दुःखाला मी बोल लावत नाही, पण मला खूप वर्षं आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय असं वाटत राहिलं.

तुमचे आजोबा पूर्ण आयुष्य जगून गेले, ही मोठी गोष्ट आहे. अकाली गेलेल्या माणसाचं नाव मी कुणालाच सुचवणार नाही. भरल्या घरातून गेलेल्याचं जरूर ठेवावं. त्यांच्या गोष्टी मुलाला सांगा, विहिरीच्या, चिंचेच्या, सगळ्या. पण "आजोबांचं नाव लावतोस आणि असं वागतोस?" हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका. विशेषतः तो दहावी-बारावीला असताना. तेव्हा ते हमखास कुणाच्या तरी तोंडून निघतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळाताई, तुमचा प्रवेशाच्या वेळचा प्रसंग मी नवऱ्याला वाचून दाखवला. आम्ही दोघांनीही गेल्या काही दिवसांत पाहुण्यांना नाव सांगताना नेमकं ते पुढचं वाक्य जोडायला सुरुवात केली होती. आता बंद.

माळरान, तुमचं लिहिलेलं सासूबाईंनाही सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "खरं आहे, मी पण त्यात मामंजींना बघणारच." पण हाक मारायचं कोडं अजून सुटलेलं नाही. दामू म्हणतात तसं घरात पाळण्यातलंच नाव वापरायचं, आणि सासूबाईंना तर तेच जमत नाही. कुणाच्या घरी हे झालंय का?

जाईजुई

आमच्या घरी झालंय, अगदी हेच.

माझ्या धाकट्याला सासऱ्यांचं नाव दिलं आहे. सासूबाई नवऱ्याचं नाव घेणार नाहीत हे उघड होतं. त्यांनी पहिल्या दिवसापासून त्याला 'आप्पा' म्हटलं. आम्ही बाकी सगळे नावानं हाक मारायचो, त्या आप्पा. रागवायच्या तेही आप्पालाच, आणि फार क्वचित. मुलाचा यात काही गोंधळ झाला नाही. मुलांना कळतं की आजीची हाक वेगळी असते. आप्पा म्हणणारं माणूस जगात एकच होतं, ते नाव त्यानं दुसऱ्या कुणाला वापरू दिलं नाही. मावशीनं एकदा लाडानं आप्पा म्हटलं तर म्हणाला, ते आजीचं आहे.

ही काही नवी युक्ती नाही. आजोबांचं नाव नातवाला द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि वडीलधाऱ्याचं नाव घेऊन पोराला दटावायचं नाही, म्हणून नाना, आबा, आप्पा, तात्या, दादा अशा हाका आल्या. पेशव्यांच्या घरात बघा. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पण तो सगळ्यांना माहीत आहे नानासाहेब म्हणून. भोसल्यांच्या घरातही नावं फिरतात. शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी, मुलाचं संभाजी. नातवाचं पाळण्यातलं नाव शिवाजी, आणि इतिहासात तो झाला शाहू.

दामू यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, पण त्यांच्या घरी सगळेच सोनू म्हणत होते. इथे एकट्या आजीला सूट द्यायची. बाकी कुणालाही नाही. आणि हाक कोणती ते तुम्ही ठरवू नका, सासूबाईंनाच ठरवू द्या. नाव तुमचं, हाक त्यांची.

नोंदवही

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात आहे, म्हणून कागदाचं तेवढं सांगतो. लोक इथेच घाई करतात.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात जन्म झाला असेल तर माहिती तिथूनच जाते. पण नोंदीसोबत नाव द्यायलाच पाहिजे असं नाही. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क टाकता येतं. त्यानंतरही विलंब शुल्क भरून नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत मुभा आहे. इतकं थांबू नका, पण बारशाच्या आधी नाव पक्कं झालंच पाहिजे असा कायद्याचा धाक नाही, हे घरात सांगा. एकमत व्हायला वेळ आहे.

मात्र नाव एकदा चढलं की ते विचार करूनच चढलेलं असू द्या. एखादं अक्षर चुकलं तर दुरुस्ती होते. नावच बदलायचं म्हटलं की राजपत्रापासून सुरुवात. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार नोंदणी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पूर्वी दाखल्यावर एक, शाळेत दुसरं, असं चालून जायचं. आता ते आयुष्यभर आडवं येतं.

दुसरं, १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर असं लिहायचं आहे: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तेव्हा नाव एकटं म्हणून बघू नका. चारही सलग मोठ्यानं म्हणा. पहिलं नाव जड आणि आईवडिलांची दोघांचीही नावं लांब असली तर परीक्षेच्या अर्जात चौकोन पुरत नाहीत.

आणि त्र्यंबक की त्रिंबक हे दाखल्याआधी ठरवा. दोन्ही बरोबर आहेत, पण कागदावर ती दोन वेगळी नावं आहेत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर आणखी फाटे फुटतात. त्र्यंबकचं कुणी टी-आर-वाय-ए असं करतं, कुणी मध्ये एक आय घालतं, कुणी शेवटी ए जोडतं. त्रिंबकचं सरळ होतं: टी-आर-आय-एम-बी-ए-के. बोलायला तुम्ही काहीही बोला. मी असतो तर कागदावर सोपं घेतलं असतं.

गोदाकाठ

ठरलं. त्रिंबक.

त्र्यंबक की त्रिंबक यावर आमचे दोन दिवस गेले. नवऱ्याचं म्हणणं, देवाचं नाव जसं आहे तसंच हवं, महामृत्युंजय मंत्र ज्या शब्दानं सुरू होतो तोच. माझं मन दोन्हीकडे होतं. मग बारशाला लागेल म्हणून सासूबाईंनी माळ्यावरचं पितळी घंगाळ खाली काढायला लावलं. चिंच लावून घासलं तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव वर आलं: 'चि. त्रिंबक यांस आहेर, शके १८७०'. आजोबांच्या लग्नातलं. एवढी वर्षं ते भांडं घरात होतं आणि कुणी उलटून वाचलं नव्हतं. म्हणजे त्यांना त्यांच्या लोकांनी त्रिंबकच म्हटलं होतं. नवरा एका मिनिटात कबूल झाला.

चारही नावं सलग म्हणून बघितली. माझं नाव दोनच अक्षरांचं आहे, त्यामुळे छान बसतात.

सासूबाईंनी हाक निवडली 'आबा'. लगेच वापरायलाही लागल्या. बाकी सगळ्यांना ताकीद दिली आहे की आबा म्हणायचं नाही, त्रिंबक म्हणायचं, नाहीतर त्रिंबू. माझी आई फार खूश आहे, तिचं 'तिरंबक' आता जवळजवळ बरोबर आलं.

नणंदबाईंचं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मला आवडत नाही, पण तुमचं कारण पटलंय." मी त्यांना आणखी काही पटवायला गेले नाही. बारशाला कानात नाव त्याच सांगणार आहेत. जन्मनाव गुरुजींनी 'रो'वरून दिलंय, ते पत्रिकेपुरतं.

माळरान, तुमचं ते वाक्य नवऱ्यानं लिहून ठेवलं आहे. दहावीपर्यंत सांभाळून ठेवतो म्हणाला.

सोमवारी नाव नोंदवायला जातोय. सोबत काय न्यायचं, नोंदवही, एवढं सांगाल का?

नोंदवही

अभिनंदन. दोघांचं आधार, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि आधी नोंद झाली असेल तर तिचा नोंदणी क्रमांक. कार्यालयानुसार थोडं कमी-जास्त मागतात, म्हणून जाण्याआधी एकदा फोन करा. अर्ज स्वच्छ मराठीत भरा आणि त्याखाली इंग्रजी स्पेलिंग सुट्ट्या अक्षरांत लिहा, म्हणजे टाइप करणारा स्वतःचं डोकं चालवत नाही.

आणि अनुस्वार तपासा. 'त्रिबक' छापून आलेला दाखला मी स्वतः पाहिलाय. हातात पडल्यावर खिडकीपासून हलायच्या आधी आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, सगळं एकदा वाचून घ्या.